बर्फ वितळला म्हणून मासळी वाढत नाही

उत्तर ध्रुवावरचा बर्फ ओसरतोय, आता तिथे मासळीचं घबाड हाती लागणार, अशा बातम्या अधूनमधून येतात. ऊन पाण्यात शिरेल, वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फोफावतील आणि त्यांच्यामागून मासे येतील, असा त्यामागचा तर्क. तो अर्धाच खरा आहे.

प्लवकांना उजेडाबरोबर नायट्रेट हे खतासारखं पोषकद्रव्यही लागतं आणि त्याचा साठा खोल पाण्यात असतो. इतर समुद्रांत वादळी वारे पाणी घुसळून तो वर आणतात. आर्क्टिक महासागरात जगातल्या समुद्रजलाचा जेमतेम 1 टक्का आहे. पण जगातल्या नद्यांचं सुमारे 10 टक्के पाणी ओब, येनिसेई, लेना, मॅकेंझी अशा नद्यांमधून तिथे येतं. गोठणबिंदूच्या आसपास पाण्याची घनता तापमानापेक्षा क्षारतेवर ठरते. म्हणून हे कमी खारं, उणे 1.5 अंशांच्या आसपासचं पाणी वरच तरंगतं. साधारण 50 ते 200 मीटरांच्या पट्ट्यात क्षारता झपाट्याने वाढते. त्याखाली अटलांटिकचं पाणी असतं: शून्याहून उबदार, किलोमागे सुमारे 35 ग्रॅम क्षारांचं. उबदार असूनही ते वर येत नाही, कारण ते जड आहे. बर्फ जितका जास्त वितळेल, तितकं हे गोड्या पाण्याचं झाकण घट्ट बसतं आणि नायट्रेट खालीच अडकून राहतं.

हे थर मोजायला बर्फाला भोक पाडून क्षारता-तापमापक खाली सोडतात. उणे 30 अंशांच्या हवेत त्याच्या नळीत राहिलेलं पाणी गोठतं आणि क्षारता आहे त्याहून कमी दिसते. म्हणून उपकरण उबेत ठेवायचं, पाण्यात काही मिनिटं थांबवायचं आणि मगच खाली सोडायचं. गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचा सहभाग असलेला 'इंडआर्क' हा समुद्रतळाशी नांगरलेला उपकरणांचा संच 2014 साली नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफियॉर्ड या खाडीत 192 मीटर खोल पाण्यात बसवला गेला. त्यावरचे संवेदक अशाच नोंदी वर्षभर घेतात.

मासळी वाढेल या आशेने आधीच जाळी टाकली तर काय होतं, हे दिसलेलं आहे. रशिया आणि अलास्का यांच्यामधल्या बेरिंग समुद्राच्या मधल्या आंतरराष्ट्रीय पाण्यात 1980च्या दशकात पोलॉक मासा बेसुमार उपसला गेला, 1992पर्यंत साठा कोसळला आणि तिथल्या मासेमारीबाबतचा करार झाला तो 1994मध्ये. आर्क्टिकच्या बाबतीत देशांनी आधीच पावलं उचलली, हे फार मोलाचं आहे. रशिया, अमेरिका, चीन, युरोपीय संघ धरून दहा पक्षांनी 2018मध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसाट इथे करारावर सह्या केल्या. मध्य आर्क्टिकच्या 28 लाख चौरस किलोमीटरांत पुरेशी वैज्ञानिक माहिती हाती येईपर्यंत व्यापारी मासेमारी बंद राहील. 25 जून 2021पासून 16 वर्षं हा करार लागू आहे. कोणी हरकत घेतली नाही, तर पुढे पाच-पाच वर्षांनी वाढेल.