बर्फात एक्स्पोजर कमी नाही, वाढवायचं

गुलमर्गला स्कीइंगला निघालेल्याला फोटोंसाठी हमखास मिळणारा सल्ला: ‘बर्फावर प्रचंड उजेड असतो, एक्स्पोजर कमी ठेव.’ एक्स्पोजर म्हणजे फोटोसाठी कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते. सल्ला ऐकायला पटतो, पण ऑटो मोडवर तो नेमका उलटा आहे.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. फ्रेम पांढऱ्याशुभ्र बर्फानं भरली, की उजेड फार झाला असं समजून तो स्वतःच फोटो काळवंडवतो. बर्फ राखाडी-निळसर दिसतो आणि उतारावरून येणाऱ्या आपल्या माणसाचा चेहरा अंधारात जातो. त्यात आपण आणखी कमी केलं, तर उरलंसुरलंही गेलं. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरनं ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, +१ वर ठेवा. ढगाळ हवेत, फ्रेमभर बर्फच असेल तर +१.७ किंवा +२ पर्यंतही जा. मात्र कडक उन्हात हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघतच वाढवा. तो उजव्या कडेला आदळला, की बर्फाचा पोत गेला, आणि तो नंतर परत आणता येत नाही. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवा. हेल्मेटवरच्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यातही ही सेटिंग असते. व्हिडिओसाठी ती वर जाण्याआधी खालीच, हातमोजे घालण्याआधी करून घ्या.

बॅटरीचंही तसंच. थंडीत ती ‘मेली’ असं वाटतं, पण बहुतेकदा आतल्या खिशात ऊब मिळाली की पुन्हा चालते. फेकून देऊ नका.