गरम जमिनीला गार फरशीच हवी

कोल्हापुरात डिसेंबरच्या सकाळी कोट्याच्या फरशीवर अनवाणी पाय पडला की झिणझिण्या थेट गुडघ्यापर्यंत जातात. शेजारच्या लाकडी पाटावर मात्र पाय सुखावतो. शिरोली एमआयडीसीत मोटारीचं बेअरिंग तापलंय का हे बघायला इन्फ्रारेड गन वापरतात. ती गन या दोन्हींवर रोखून पाहा, आकडा जवळपास सारखाच येईल. रात्रभर एकाच खोलीत पडलेल्या फरशीचं आणि पाटाचं तापमान वेगळं असायला कारणच नाही.

फरक असतो उष्णता ओढून घेण्याच्या वेगात. तळपायाची त्वचा ३० अंशांवर आणि खोली २० अंशांवर आहे असं धरा. ग्रॅनाइटवर पाय ठेवताच स्पर्शाच्या जागी तापमान २३ अंशांच्या आसपास उतरतं, तर लाकडावर ते २७ च्या जवळ थांबतं. आपल्याला जाणवतं ते त्वचेचं तापमान, फरशीचं नव्हे. एप्रिलच्या दुपारी उन्हात तापलेला काळा दगड तळपाय पोळतो आणि तेवढीच तापलेली काथ्याची चटई पोळत नाही, त्याचंही कारण हेच. फक्त तिथे उष्णता उलट दिशेने वाहते.

आता इथली मुलं जर्मनीत, कॅनडात घरं घेतात. त्यातल्या बऱ्याच घरांत जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. मग इथून आईचा फोनवर सल्ला जातो: “बाळा, फरशी नको घालूस, गार पडेल. लाकूड घाल, नाहीतर चांगला जाड गालिचा.” सल्ला मायेचा आहे, पण अशा घरात तो नेमका उलटा पडतो.

२० अंशांच्या खोलीला चौरस मीटरमागे ६० वॅट उष्णता द्यायची तर जमिनीचा पृष्ठभाग साधारण २६ अंश लागतो. ही उष्णता वरच्या थरातून पार व्हायला हवी. १० मिलिमीटरची टाइल असेल तर तिच्याखाली अर्धा-पाऊण अंश जास्त असला की भागतं. १५ मिलिमीटर लाकडाखाली पाच-सहा अंश जास्त लागतात आणि जाड गालिच्याखाली नऊ किंवा त्याहूनही अधिक. म्हणजे पाणीही तेवढंच जास्त तापवायचं. हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) असेल तर पाण्याच्या दर वाढीव अंशाला विजेचा खर्च साधारण २ ते ३ टक्क्यांनी चढतो. आणि पायाचं म्हणाल, तर २६ अंशांच्या जमिनीवर दगड आणि लाकूड यांच्या स्पर्शात जेमतेम दीड अंशाचा फरक उरतो. ज्या गुणामुळे फरशी आपल्याकडे झोंबते, त्याच गुणामुळे ती तिकडे सर्वांत कामाची ठरते.

कोरियातल्या जुन्या ‘ओंदोल’ पद्धतीत हे फार सुंदर साधलं होतं. चुलीचा धूर दगडी लाद्यांखालून फिरवायचा, लाद्यांवर मातीचा लेप द्यायचा आणि त्यावर तेल दिलेला कागद चिकटवायचा. चालायला मऊ, पण उष्णतेला जवळपास अडथळा नाही.

लाकूड वर्ज्य आहे असं मात्र नाही. आपल्याकडे पावसाळ्यात दारं फुगतात आणि उन्हाळ्यात फटी पडतात, तसंच हे. गरम जमिनीवर लाकूड वाळतं आणि आडवं आकसतं. थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेलं इंजिनिअर्ड लाकूड कमी हलतं. अखंड लाकूडच हवं असेल तर सागवान किंवा ओक घ्यावं, बीच नावाच्या झाडाचं टाळावं. खालचं काँक्रीट आधी हीटिंग चालवून पुरतं वाळवून घ्यायचं, नाहीतर त्यातली ओल लाकडात शिरते. लाकडाचा पृष्ठभाग साधारण २७ अंशांपलीकडे नेऊ नये असं उत्पादक सांगतात. राहत्या भागासाठी युरोपीय मानक ईएन १२६४ ची मर्यादा २९ अंश आहे, न्हाणीघरात ३३.

फळ्या नुसत्या पसरून ठेवण्यापेक्षा चिकटवलेल्या बऱ्या. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. एक मिलिमीटर हवेची फट साधारण चार सेंटिमीटर टाइलइतका अडथळा करते. ठोकून पाहिल्यावर ‘पोकळ’ वाजणारी टाइल तिथे नुसती कारागिराची हयगय नसते, बिलात भर घालणारी असते.

हौसेने इथून नेलेली घोंगडी पलंगावर किंवा भिंतीवर शोभते, जमिनीवर नको. लोकरीत अडकलेली हवा खालची ऊब वर येऊ देत नाही. पाण्याच्या नळ्या असतील तर तेवढा पट्टा नुसता कमी तापतो, पण विजेच्या हीटिंग केबल असतील तर उष्णता तिथेच कोंडते आणि केबल जळूही शकते. बिनपायांचं, जमिनीला टेकलेलं कपाटही तेच करतं. म्हणून केबल टाकण्याआधीच कपाटाची जागा ठरवून ती वगळतात.

खुद्द कोल्हापुरात असलं काही बसवावं का? मला तरी तो खर्च वाया वाटतो. इथल्या थंडीला पायात चप्पल पुरते, आणि उरलेले आठ महिने तीच गार फरशी हवीहवीशी वाटते.