ट्रॅम्पोलिनवर उड्या मारून उंची वाढते काय?

सुट्टी लागली की आमच्या बेळगावच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोच, ट्रॅम्पोलिनवर उड्या मारल्या की पोरांची उंची वाढते. पटतं की हो, अंग ताणल्यासारखं दिसतंय ना. पण हाडं लांब होतात ती टोकाजवळच्या कूर्चेतून, म्हणजे हाडाहून मऊ, लवचिक भागातून, आणि किती ते बरंचसं आईबापांकडूनच आलेलं, शिवाय खाणं, झोप, तब्येत. उड्यांनी हाडं मजबूत होतील, लांब नाही. घरीच बघा, भिंतीवर खडूनं सकाळी उठल्याउठल्या खूण करा आणि रात्री परत, रात्रीची अर्धा-एक सेंटिमीटर खाली येते कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात दबतात. म्हणून काल रात्री आणि आज सकाळी मोजलं की "वाढली" वाटतं! महिन्यानं, त्याच वेळेला मोजा. ट्रॅम्पोलिन पार्कात न्या की, मजेसाठी, फक्त एका मॅटवर एकच पोर, दोघं उडाली की हलकं असतं तेच जास्त फेकलं जातं.