शिसपेन्सिल आणि हवेतलं पाणी

गेल्या महिन्यात शेजारच्या दुसरीतल्या मुलीच्या तळहातात पेन्सिलीचं टोक घुसलं. दप्तरात हात घातला, आत नुकतंच टोक केलेली पेन्सिल उभी होती. टोक मोडून रक्ताचा थेंब आला आणि घरात धावपळ उडाली. आजी म्हणाल्या, "शिसं गेलं अंगात, आता रक्तात उतरणार." मी भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून मला हाक मारली गेली.

मी सांगितलं ते एवढंच. जखम साबणाने धुवा, तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या, धनुर्वाताची लस कधी दिली होती ते बघा. शिशाची काळजी मात्र सोडा, कारण शिसपेन्सिलीत शिसं नसतं आणि कधी नव्हतंही. आजींनी लगेच विचारलं, "मग तिला शिसपेन्सिल का म्हणतात?" प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हा दारात उभं राहून दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते पुरेसं नव्हतं.

आपल्याकडे नुसतं 'पेन्सिल' म्हटलं की पूर्वी पाटीवरची पेन्सिल डोळ्यासमोर यायची. कागदावरची वेगळी ओळखू यावी म्हणून तिच्यामागे 'शिस' लागलं. पण चूक मूळची मराठीची नाही. जर्मन भाषेत पेन्सिलीला 'ब्लायश्टिफ्ट' म्हणतात, म्हणजे शिशाची काडी. अरबीत 'कलम रसास', म्हणजे शिशाची लेखणी. एवढ्या लांबलांबच्या भाषा एकाच ठिकाणी चुकतात, तेव्हा त्या चुकीला जन्मगाव असतं.

ते इंग्लंडच्या वायव्येला, बॉरोडेल नावाच्या डोंगराळ खोऱ्यात आहे. सोळाव्या शतकात तिथे जमिनीत काळ्या, मऊ, हाताला बुळबुळीत लागणाऱ्या दगडाचा साठा सापडला. वादळात एक मोठं झाड उन्मळून पडलं आणि त्याच्या मुळांखाली तो दिसला, अशी तिकडची आख्यायिका आहे. स्थानिक लोक त्याला 'वॉड' म्हणत आणि मेंढपाळ त्याने आपापल्या मेंढ्यांवर खुणा करत. शिशाच्या काडीने कागदावर फिकट करडी रेघ उमटते, हे युरोपात रोमन काळापासून ठाऊक होतं. हा नवा दगड तर त्याहून काळी रेघ मारत होता. साहजिकच त्याला 'काळं शिसं' नाव पडलं. १५६५ साली स्विस निसर्गअभ्यासक कोनराड गेसनरने आपल्या पुस्तकात लाकडी नळीत बसवलेल्या अशा लेखणीचं चित्र छापलं. ते पेन्सिलीच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक.

बॉरोडेलचा दगड इतका शुद्ध आणि सलग होता की करवतीने त्याच्या काड्या कापून थेट लाकडात बसवता येत. पण राजसत्तेला त्यात रस होता तो तोफगोळ्यांसाठी. साच्याला आतून हा दगड फासला की ओतलेलं लोखंड चिकटत नसे आणि गोळा गुळगुळीत निघे. त्यामुळे खाणीवर पहारे बसले, आणि १७५२ साली ब्रिटिश संसदेने या खनिजाच्या चोरीसाठी खास कायदा केला. सक्तमजुरी किंवा परदेशातल्या वसाहतीत रवानगी, अशी शिक्षा होती. आज स्टेशनरीच्या दुकानात डझनाने मिळणाऱ्या वस्तूच्या गाभ्यासाठी एकेकाळी माणसं देशोधडीला लागू शकत होती.

हा दगड शिसं नाही हे सिद्ध केलं कार्ल विल्हेल्म शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने, १७७९ मध्ये. कोळसा आणि हा दगड मुळात एकच, दोन्ही कार्बनच, हे त्याच्या प्रयोगांतून दिसलं. दहा वर्षांनी जर्मन खनिजतज्ज्ञ वेर्नरने त्याला 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ग्राफाइट असं नाव दिलं. पाठ्यपुस्तकांनी ते उचललं, बाजाराने नाही. एक गोष्ट मात्र आजींच्या बाजूने सांगायला हवी. जुन्या काळच्या पेन्सिलींच्या बाहेरच्या रंगात शिशाची संयुगं असत. म्हणजे धोका होताच, पण तो पेन्सिल चावणाऱ्याला होता आणि बाहेरच्या रंगातून होता.

मग युद्ध आलं. १७९३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात लढाई जुंपली आणि बॉरोडेलचा माल फ्रान्सला मिळेनासा झाला. त्याला पर्याय शोधण्याचं काम फ्रान्सने निकोला-जाक काँते याच्यावर सोपवलं. काँते मुळात चित्रकार. लष्करी फुग्यांसाठी हायड्रोजनवर प्रयोग करताना झालेल्या स्फोटात त्याचा डावा डोळा गेला होता. त्याने हलक्या प्रतीचं ग्राफाइट दळलं, त्यात चिकणमाती मिसळली, ओल्या लगद्याच्या काड्या केल्या आणि त्या भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. याच सुमारास व्हिएन्नामध्ये योझेफ हार्टमुटही याच वाटेने चालला होता.

आजही पेन्सिलीची कांडी अशीच होते. कणीक तिंबावी तसा ग्राफाइट-मातीचा गोळा मळतात, चकलीच्या सोऱ्यातून शेव पाडावी तशी लांब काडी दाबून काढतात, वाळवतात, सुमारे हजार अंश तापमानाला भाजतात आणि शेवटी वितळलेल्या मेणात मुरवतात. माती जास्त पडली की कांडी कडक आणि रेघ फिकट, ग्राफाइट जास्त असलं की कांडी मऊ आणि रेघ गडद. एचबी म्हणजे कडक आणि काळं यांच्या मधलं. त्या अक्षरांत तुमच्या पेन्सिलीची पाककृतीच लिहिलेली असते.

लाकडाचा भाग थोडक्यात सांगतो. आपल्या देशात बनणाऱ्या पेन्सिलींसाठी लागणाऱ्या लाकडाच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर काश्मीरच्या पुलवामा जिल्ह्यातून, विशेषतः उखू गावातून येतात.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहायचा होता, त्या गोष्टीकडे येतो.

पावसाळ्यात कुलूप अडकलं की आपण तेल घालतो. तेलाला धूळ चिकटते आणि महिन्याभरात कुलूप पुन्हा अडतं. जुने किल्लीवाले वेगळं करतात. किल्लीच्या दात्यांवर पेन्सिल घासायची, किल्ली कुलपात आत-बाहेर करायची, पुन्हा घासायची. तिसऱ्या-चौथ्या खेपेला किल्ली अलगद फिरते. मी हे आमच्या गच्चीच्या कुलपावर दर जूनमध्ये करतो. ग्राफाइट हे कोरडं वंगण आहे. पण ते का घसरतं?

शाळेत शिकलेलं उत्तर असं. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत बसलेले असतात. एका थरातले बंध हिऱ्यातल्या बंधांपेक्षाही बळकट, पण थराथरांमधली ओढ अगदी कमजोर. दोन थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जाडीत सुमारे ३० लाख थर. पत्त्यांचा कॅट तिरका ढकलला की पानं एकमेकांवरून सरकतात तसे हे थर सरकतात. कागद भिंगाखाली बघितला तर किसणीसारखा खडबडीत दिसतो. त्याच्यावरून कांडी ओढली की थरांचे ढलपे निघून तंतूंमध्ये अडकतात, हीच रेघ. शाई तंतूंमध्ये मुरते, ग्राफाइट वरच बसून राहतं, म्हणून ते खोडता येतं. १७७० पर्यंत हे काम पावाच्या मऊ भागाने करत. त्या वर्षी जोसेफ प्रीस्टलीने रबराने रेघ पुसली जाते अशी नोंद केली.

हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं सापडलं विमानात.

तुमच्या घरच्या मिक्सरचा किंवा ड्रिलचा 'कार्बन गेला' असं दुरुस्तीवाला म्हणतो, तो कार्बन म्हणजे ग्राफाइटचा छोटा ठोकळा, ब्रश. फिरत्या भागावर तो टेकलेला असतो, वीज पोचवतो आणि स्वतःच स्वतःचं वंगणही होतो. वर्षानुवर्षं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात विमानं ३० हजार फुटांच्या आसपास उडू लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांतले हेच ब्रश काही तासांत झिजून त्यांची काळी पूड होऊ लागली. जमिनीवर तेच ब्रश ठणठणीत. थंडी, विरळ हवा, ठिणग्या, सगळ्यांवर संशय घेतला गेला.

जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट सॅव्हेज यांनी ग्राफाइट निर्वात पेटीत घासून बघितलं. घर्षण कित्येक पटींनी वाढलं आणि पूड पडू लागली. पेटीत कोरडा नायट्रोजन सोडला तरी फरक पडेना, म्हणजे प्रश्न नुसत्या विरळपणाचा नव्हता. मग किंचित पाण्याची वाफ सोडली. झीज थांबली. १९४८ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. उंचावरची हवा विरळ असतेच, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती अतिशय कोरडी असते. ग्राफाइट घसरण्यासाठी हवेतलं पाणी लागतं.

कारण थोडं सावकाश बघू. थराच्या मधल्या भागात प्रत्येक कार्बन अणूने शेजारच्या तिघांचे हात धरलेले असतात आणि त्याचा चौथा इलेक्ट्रॉन सगळ्या थरात वाटला गेलेला असतो, म्हणून थराचा सपाट पृष्ठभाग कोणाला फारसा चिकटत नाही. पण थराला कडा असतात. कडेच्या अणूला एका बाजूला शेजारीच नसतो, त्याचा एक हात मोकळा राहतो, आणि रसायनशास्त्रात मोकळा हात म्हणजे मिळेल त्याला पकडणं. ग्राफाइट घासलं जातं तेव्हा थर फाटतात आणि अशा ताज्या कडा क्षणाक्षणाला तयार होतात. दमट हवेत पाण्याचे रेणू लगेच येऊन या मोकळ्या हातांना बिलगतात आणि कडा शांत होते. कोरड्या जागी एक कडा दुसऱ्या कडेला किंवा समोरच्या धातूला पकडते, पुढच्या फेरीत ती पकड तुटताना आणखी ग्राफाइट फाटतं, त्यातून आणखी कडा, त्यातून आणखी पकड. याचा शेवट म्हणजे ती काळी पूड. विमानांच्या ब्रशमध्ये पुढे काही क्षार मिसळून यावर उपाय केला गेला. अवकाशातल्या यंत्रांत मात्र मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे वेगळं थरांचं वंगण वापरतात. त्याचं गणित उलटं आहे, ते निर्वातात उत्तम घसरतं आणि दमट हवेत बिघडतं.

म्हणजे जूनमध्ये माझी किल्ली फिरते त्यात पेन्सिलीइतकाच दमट हवेचाही हात आहे. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती. शाळेत सगळ्यांना पाठ असलेल्या उत्तराच्या तळाशी असं काही दडलेलं असेल, ही कल्पनाच केली नव्हती.

अवकाशाचा विषय निघालाच आहे, तर व्हॉट्सअॅपवर वर्षातून दोनदा येणारा तो निरोपही घेऊ. 'नासाने अवकाशात चालणारं पेन बनवायला कोट्यवधी डॉलर उधळले, रशियनांनी पेन्सिल वापरली.' हे खोटं आहे. सुरुवातीला दोन्ही देश पेन्सिलीच वापरत होते. १९६५ मध्ये नासाने ३४ यांत्रिक पेन्सिली प्रत्येकी १२८.८९ डॉलरला घेतल्या आणि त्यावरून टीकाही झाली. पेन बनवलं पॉल फिशर यांच्या खासगी कंपनीने, स्वतःच्या पैशाने. नासाने ती ४०० पेनं विकत घेतली आणि १९६९ मध्ये सोव्हिएत संघानेही १०० घेतली. पेन्सिल नको होती त्याला कारणं होती. मोडलेलं टोक यानात तरंगत राहतं, डोळ्यात जाऊ शकतं, ग्राफाइट आणि लाकूड दोन्ही जळतात, आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. उपकरणाच्या फटीत शिरलेला कण दोन तारा जोडू शकतो. साध्या माणसाचं शहाणपण आणि शास्त्रज्ञांचा मूर्खपणा अशी गोष्ट ऐकायला गोड लागते म्हणून ती पुढे ढकलली जाते. मुलांच्या गटात ती येते तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यातून मुलं एवढंच शिकतात की खोलात जाणारे लोक वेडे असतात.

विजेचं म्हणाल तर थरात वाटला गेलेला तो चौथा इलेक्ट्रॉनच ती वाहून नेतो. यावर एक आख्खं यंत्र उभं राहिलं. अमेरिकेत मिशिगनमधले एक विज्ञानशिक्षक, रेनॉल्ड जॉन्सन, यांच्या कल्पनेवरून आयबीएमने १९३८ मध्ये उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बाजारात आणलं. विद्यार्थ्याने पेन्सिलीने काळा केलेला ठिपका ते विजेने 'चाचपत' असे, ठिपक्यातून प्रवाह गेला की उत्तर नोंदलं जाई. पुढे हे काम प्रकाशाने होऊ लागलं.

घरी बघायचं असेल तर ६बी किंवा ८बी अशी मऊ, गडद पेन्सिल, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि पाच रुपयांचा लाल एलईडी आणा. कागदावर बोटभर रुंद आणि दोन-अडीच सेंटिमीटर लांब असे दोन पट्टे, मध्ये अगदी थोडी फट ठेवून, चकाकी येईपर्यंत गिरवा. एलईडीचे दोन पाय फटीच्या अल्याड-पल्याड टेकवा आणि बॅटरीची टोकं पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजूंना. पेटला नाही तर एलईडी उलटा करा. तरीही नाही पेटला तर पट्टे आणखी गिरवा आणि खोलीतला दिवा बंद करून बघा, उजेड मंद असतो. एचबीने सहसा जमत नाही, तिच्यात काँतेची माती जास्त असते. शेजारची ती मुलगी परवा हे करायला आली होती. तळहातावरचा ठिपका अजून निळसर दिसतो, आणि तिने मला विचारलं की एलईडीचे पाय तिथे टेकवले तर चालेल का.