परदेशातून तयार शेड मागवण्याआधी

नमस्कार.

मोबाईलवर फोटो दाखवून "अशीच शेड बाहेरून मागवली तर काय भाव पडेल?" असं विचारत जिनिंगवाले येतात, डाळमिलवाले येतात, मोसंबीचं कोल्ड स्टोरेज काढायचं म्हणणारेही येतात. त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथं छापलं आहे.

साधं गोदाम हवं असेल आणि रुंदी वीस-पंचवीस मीटरच्या आत असेल, तर बाहेरून मागवू नका. आमचा धंदा आयातीचा, तरी सांगतो. एवढं काम इकडचे फॅब्रिकेटर चांगलं करतात. मधे खांब नको असलेली मोठी रुंदी हवी असेल, किंवा मशिनरीसोबत पूर्ण इमारतच येणार असेल, तर पुढे वाचा. जालन्यात एवढ्या गिरण्या असताना लोखंड बाहेरून कशाला, असंही लोक विचारतात. जालन्याची ओळख सळईची. शेडचे कॉलम (खांब) आणि राफ्टर (छताच्या तिरक्या तुळया) मात्र प्लेट कापून, वेल्डिंग करून बनतात.

भाव कशाचा?

कोटेशनवर एफओबी लिहिलेलं असेल, तर तो भाव तिकडच्या बंदरात जहाजावर चढवलेल्या मालाचा असतो. समुद्राचं भाडं, विमा, ड्युटी, न्हावाशेव्यापासून तुमच्या गेटपर्यंतचा ट्रेलर, पाया, क्रेन, उभारणी हे सगळं वेगळं. सीआयएफ असेल तर भाडं आणि विमा आत येतो, बाकीचं बाहेरच.

समजा सीआयएफ किंमत ४० लाख आहे आणि हिशेबापुरती मूळ ड्युटी १० टक्के धरली. ४ लाख ड्युटी, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे ४० हजार. झाले ४४ लाख ४० हजार. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, जवळपास ८ लाख. म्हणजे बंदरातून माल सुटेपर्यंतच ५२ लाखांच्या वर. "आयजीएसटीचं काय, क्रेडिट मिळतं," म्हणजे भरलेला कर पुढच्या जीएसटीतून वळता होतो, असं कोणी म्हणालं तर आधी सीएला विचारा. शेड ही इमारत धरली जाते आणि जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये ते क्रेडिट सहसा अडकतं. हे उशिरा कळलेले गिऱ्हाईक आम्ही पाहिले आहेत.

पूर्ण इमारतीचे सुटे भाग एकत्र आले तर ते कस्टमच्या ९४०६ या शीर्षकात जातात. नुसते कॉलम, राफ्टर आले तर ७३०८ मध्ये. म्हणून "आधी सांगाडा पाठवा, पत्रे नंतर" असं परस्पर ठरवू नका. बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) गुणवत्ता नियंत्रण आदेश कोणत्या मालाला लागतात, हेही ॲडव्हान्स पाठवण्याआधी कस्टम एजंटकडून लेखी घ्या. माल बंदरात उभा राहिल्यावर विचारलं, तर उत्तर येईपर्यंत कंटेनरचं भाडं रोज चढत राहतं.

वारा, गारा आणि पत्रा

डिझाइनसाठी परदेशी कंपनी एक फॉर्म पाठवते. त्यात बर्फाच्या वजनाचा रकाना असतो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "गारा धरायच्या का?" नाही, तिथे शून्य लिहायचं. गारा साचून राहत नाहीत. पण पत्र्याला पोचे पाडतात, म्हणून जाडी नीट विचारा. ०.५० मिमी म्हणजे रंग आणि लेप धरून की नुसतं लोखंड? लेप धरून ०.५० असेल तर आतलं लोखंड साधारण ०.४५ भरतं. दोन कोटेशनांतला फरक पुष्कळदा इथेच सापडतो.

वाऱ्याच्या रकान्यात खरी गोम आहे. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात छत्रपती संभाजीनगरला ३९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी १४० किलोमीटर वेग धरतात. हा तीन सेकंदांच्या झोताचा वेग. चीनच्या संहितेत दहा मिनिटांची सरासरी धरतात. आकडा तोच लिहिला आणि कोणता वेग ते लिहिलं नाही, तर हिशेब भलताच होतो. भूकंपाचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगायला नको. तिकडच्या ड्रॉइंग काढणाऱ्याला मात्र सांगावं लागतं. स्टीलवर क्यू३५५ हा चिनी दर्जा लिहिलेला दिसला तर घाबरू नका, ताकदीत ते आपल्या ई३५० च्या जवळचं आहे. गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट तेवढं मागा. आणि सगळं डिझाइन आपल्याकडच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून, सही घेऊनच ऑर्डर पक्की करा.

पाया

पाया इथंच होतो, आणि तो काळ्या मातीत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जावं लागतं. परदेशी कंपनी फक्त पायावर येणारा भार आणि बोल्टची जागा देते, खोली आपण ठरवायची.

आमच्या सुरुवातीच्या एका कामात कंपनीने बोल्टचं ड्रॉइंग दोनदा बदललं. शेवटचं आमच्या ईमेलवर आलं, ठेकेदाराच्या खिशात पहिलंच राहिलं. कॉलम हायड्रा क्रेनला लटकलेला, खाली चार बोल्ट, आणि बेसप्लेटची भोकं बोटभर बाजूला. ज्येष्ठाच्या उन्हात नऊ बेसप्लेटांना नवी भोकं पाडली, वरून जाड वॉशर प्लेटा जोडल्या, इंजिनिअरला पुन्हा बोलावलं. चूक आमची होती, खर्च आम्हीच सोसला. तेव्हापासून बोल्ट ओतण्याआधी ठेकेदाराच्या हातातल्या कागदावरचा रिव्हिजन नंबर आम्ही स्वतः वाचतो, आणि बोल्ट लोखंडी टेम्प्लेटमध्ये धरूनच काँक्रीट टाकायला लावतो.

माल उतरवताना

चाळीस फुटी कंटेनरमध्ये आतून १२ मीटरच बसतं, त्यामुळे मोठे राफ्टर तुकड्यांत येतात आणि जागेवर बोल्टने जोडतात. बंद कंटेनरला वरून क्रेन लावता येत नाही. बीम दारातून साखळीने ओढावे लागतात आणि रंग खरवडतो. टचअपचा रंग पॅकिंग लिस्टमध्ये लिहून घ्या. पत्र्यांचे गठ्ठे भिजलेले निघाले तर त्याच दिवशी उघडून उभे करून वाळवा, नाहीतर दोन पत्र्यांच्या मधे पांढरा गंज धरतो. शेताच्या वाटेने ट्रेलर वळत नसेल तर आधीच सांगा, माल रस्त्यालगत उतरवून छोट्या गाडीने आणू.

भेटायला येताना

आयातीसाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड लागतो. नसेल तर डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपये भरून ऑनलाइन निघतो, नंबर तुमचा पॅनच असतो. सोबत एनए (बिगरशेती) आदेश किंवा एमआयडीसीचं प्लॉटपत्र, जागेचा नकाशा आणि गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंतचे दोन-चार फोटो आणा. जमलं तर जागेवर एक खड्डा घ्या आणि मुरूम किती फुटांवर लागला ते लिहून आणा.