वनशेती

एकाच जमिनीवर पिके आणि झाडे, बऱ्याचदा जनावरेही, एकमेकांना धरून सांभाळण्याच्या पद्धतीला वनशेती म्हणतात. कृषिवानिकी हा दुसरा शब्द सरकारी कागदांबाहेर फारसा गेला नाही. बांधावरची बाभूळ, कुरणातली बोर, आमराईत घेतलेला हुलगा, घरामागची माणगा बांबूची बेटे ही सारी वनशेतीच. रीत जुनी आहे. हवामानबदलावरचा एक उपाय म्हणून तिच्याकडे पाहणे तेवढे नवे.

या विषयाच्या संशोधनासाठी 1978 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय नैरोबीत आहे. भारतात अखिल भारतीय समन्वित प्रकल्प 1983 मध्ये आणि झाशीचे राष्ट्रीय केंद्र 1988 मध्ये सुरू झाले. 2014 मध्ये राष्ट्रीय वनशेती धोरण जाहीर करणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. 2030 पर्यंत जंगले आणि झाडांच्या आच्छादनातून 250 ते 300 कोटी टन कार्बन डायऑक्साइड जास्तीचा शोषण्याचे उद्दिष्ट भारताने पुढे जाहीर केले. नुसत्या वनखात्याच्या जमिनीवर ते गाठणे अवघड असल्याने नजर शेतकऱ्याच्या बांधाकडे वळली.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, आणि एक किलो कार्बन म्हणजे हवेतून काढलेला सुमारे 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे 200 किलो सुके लाकूड धरून उभ्या असलेल्या झाडाने साधारण 367 किलो वायू अडवलेला असतो. पालापाचोळा आणि मुळे यांमुळे जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो, तो वेगळा. दुसरा फायदा नजरेआड राहतो. युरियाचा काही भाग मातीतून नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात या वायूची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट आहे. शेंगवर्गीय झाडांचा नत्र असलेला पाला खाचरात गाडला, तर तेवढा युरिया कमी लागतो.

कोकणातल्या भातशेतीत याचे चांगले उदाहरण आहे. तिथे राब भाजण्याची प्रथा आहे. ऐनासारख्या झाडांचे टहाळ तोडून वाळवायचे, शेण, पाचोळा, गवत यांच्यासह रोपवाटिकेच्या जागेवर पसरायचे आणि पावसाआधी पेटवायचे. तण मरते, राख मिळते, रोपे जोमाने येतात; म्हणून प्रथा टिकली. पण दरवर्षी छाटून ऐनाचे नुसते खुंट उरतात आणि झाडाने साठवलेला कार्बन धूर होऊन परत जातो. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत वेगळी वाट आहे: भाताच्या तुसाची राख आणि पेंढा यांचा वापर, गिरिपुष्प या शेंगवर्गीय झाडाचा हिरवा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या (लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधे खोल खोचायची युरिया-डीएपी या खतांची गोळी. गिरिपुष्प (काही भागांत उंदीरमारी) बांधावर फांद्या खोचूनही येते. चिखलात रोवलेल्या गोळीतला नत्र सहज निसटत नाही. हवामानाचे नावही न घेता आखलेली ही पद्धत हवामानाच्या कामी येते.

झाड बांधावर आले की वसवा पडतो, म्हणजे झाडालगतचे पीक खुरटते. ज्वारी-बाजरीवाल्या शेतकऱ्याची ही तक्रार खरी आहे, आणि शेजाऱ्याशी होणारे भांडणही. म्हणून झाडाचे उत्पन्न दिसले नाही तर ते टिकत नाही. 1980 च्या दशकात विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने नाशिक जिल्ह्यात निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. शेतकऱ्यांनी हौसेने लागवड केली, पुढे लाकडाचे भाव पडले आणि उत्साह ओसरला. झाड वाढवण्याच्या तंत्राइतकाच ते विकण्याचा बंदोबस्त महत्त्वाचा असतो, हे तेव्हाच कळले होते. नंतरच्या वृक्षलागवड मोहिमांनी मात्र खड्डे आणि रोपे मोजण्यातच समाधान मानले.

तोडीच्या परवान्याची अडचणही जुनी. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमानुसार साग, खैर अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या शेतातलीही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हेतू संरक्षणाचा, पण परिणाम असाही होतो की आपसूक उगवलेले सागाचे रोप लहान असतानाच शेतकरी ते उपटून टाकतो. बांबूच्या बाबतीत कोंडी सुटली: 2017 मध्ये केंद्राने भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून त्याला वगळले.

फळझाडांचा रस्ता सोपा ठरला. 1990 मध्ये महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि कोकणातल्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनींवर आंबा-काजू पसरला. ओसाड माळावर बाग उभी राहिली तर कार्बनच्या खात्यात भर पडते. मात्र उभे मिश्र जंगल साफ करून, डोंगर यंत्राने सपाट करून काजू लावला, तर सुरुवातच मोठ्या तोट्यातून होते: जुन्या झाडांतला आणि उकरलेल्या मातीतला कार्बन आधी हवेत जातो, आणि नवी कलमे तो भरून काढायला कित्येक वर्षे घेतात. कागदावर दोन्हींची नोंद ‘लागवड’ अशीच होते.

कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे अडवलेल्या कार्बनचा हिशेब विकण्याच्या, बाजारात अलीकडे वनशेतीचेही नाव घेतले जाते. एक-दोन एकरांच्या शेतकऱ्यासाठी झाडांचे घेर मोजणे, नोंदी ठेवणे आणि पडताळणी यांचा खर्च जड जातो, त्यामुळे असे अनेक शेतकरी एकत्र आणावे लागतात. शिवाय क्रेडिट विकले की झाड वर्षानुवर्षे उभे ठेवण्याचे बंधन येते, आणि मुलीच्या लग्नाला किंवा विहिरीच्या कामाला पैसे कमी पडले की बांधावरचे झाडच आधी विकले जाते.