फूटपट्टी पकडता येते, मग ठोसा का अडवता येत नाही?

सकाळी वडोदऱ्याच्या कमाटीबागेत कराटेचा वर्ग चालतो. माझा भाचा त्यात आहे. सरांचं गुजरातीत एकच पालुपद: "विचारवानुं नहीं, हाथ एनी मेळे ऊठवो जोईए!" (विचार करायचा नाही, हात आपोआप उठला पाहिजे!) परतताना भाचा म्हणाला, "मामा, यालाच रिफ्लेक्स म्हणतात." इथं माझं घोडं अडलं.

डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, ती खरी प्रतिक्षिप्त क्रिया. संदेश मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच वळतो. सेकंदाच्या विसाव्या भागात स्नायू कामाला लागलेला असतो, मेंदूला बातमी मागाहून कळते. पण ठोसा नाकावर येतोय की पोटावर, हे मज्जारज्जूला कुठून कळणार? त्यासाठी डोळे लागतात आणि मेंदूही.

घरी आल्यावर ३० सेंटिमीटरची फूटपट्टी काढली. भाच्याच्या चिमटीत शून्याची खूण ठेवायची, न सांगता सोडायची आणि किती सेंटिमीटरवर अडकली ते पाहायचं. अंतर म्हणजे गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग, त्याचं निम्मं; शाळेतलंच सूत्र. २० सेंटिमीटर म्हणजे साधारण ०.२ सेकंद. भाच्याची पट्टी १८ ते २१च्या दरम्यान अडकत होती. ठीकच.

मग दोन्ही हातांसाठी दोन पट्ट्या. मी कुठलीही एक सोडणार, त्याच हातानं पकडायची, दुसरा हलला तर बाद. पट्टी सरळ फरशीवर! ३० सेंटिमीटर पडायला पाव सेकंद लागतो, आणि तेवढाही त्याला पुरला नाही.

डोळे तेच, हात तेच, नसाही त्याच. मेंदूपासून बोटांपर्यंत जेमतेम मीटरभर अंतर, आणि हाताच्या नसांतून संदेश सेकंदाला ५०-६० मीटरनं धावतो. म्हणजे प्रवासात गेले फार तर २० मिलिसेकंद. बाकीचा वेळ गेला पाहण्यात आणि 'कुठला हात?' हे ठरवण्यात.

१९५२ साली मानसशास्त्रज्ञ हिक यांनी हाच वेळ मोजला. दहा दिवे, दहा बोटांखाली दहा बटणं. जो दिवा लागेल त्याचं बटण दाबायचं. पर्याय वाढले की वेळ वाढतो, पण दामदुपटीनं नाही. दोनाचे चार केले की जेवढी भर पडते, साधारण तेवढीच चाराचे आठ केल्यावर पडते. गणितात याला लॉगॅरिदम म्हणतात. मेंदू जणू 'डावीकडचे की उजवीकडचे?' असं विचारत दर खेपेला निम्मे पर्याय बाद करतो. (प्रत्यक्षात तो असंच करतो असं नाही, पण आकडे तसे जुळतात.) गंमत पुढे आहे. १९५९च्या एका प्रयोगात हजारो वेळा सराव केल्यावर दोन आणि चार पर्यायांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. सरांचं 'एनी मेळे' ते हेच: नसा वेगवान होत नाहीत, निवड स्वस्त होते.

म्हणून जोडीचा सराव कसा करता, याला महत्त्व. कराटेतल्या इप्पोन कुमितेत (एका वाराच्या जोडीच्या सरावात) वार आधीच सांगितलेला असतो, तिथे निवडच नाही. सुरुवातीला हे योग्य, पण पुष्कळ वर्ग वर्षानुवर्षं तिथेच घुटमळतात. पुढे दोन वार मिसळावेत, मग चार, मग अंतर आणि लयही न सांगता बदलावी. लाठीतले शिर, तमाचा, बाहेरा हे वार क्रमानं घोकून पाठ होतात. क्रम मोडला की पोरं गडबडतात. ती गडबड हवीच. १९७९ साली शिया आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली काहींना एकेक करून, तर काहींना मिसळून शिकवल्या. त्या दिवशी मिसळवाले मागे पडले, दहा दिवसांनी तेच पुढे होते.

 

मुरलेले खेळाडू समोरच्याचा हात पूर्ण येण्याची वाट पाहतच नाहीत. बॅडमिंटनची चित्रफीत फटका बसण्याआधीच थांबवली, तरी मुरलेल्यांना शटल कुठे पडणार हे नवख्यांपेक्षा चांगलं सांगता येतं. ते रॅकेटबरोबर दंडही वाचतात. त्यांचं घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं.

दोन आठवड्यांनी भाचा दोन पट्ट्यांच्या खेळातही २५वर पकडू लागला. मी शाबासकी देणार, तोच म्हणाला, "मामा, सोडण्याआधी तू त्या बाजूला बघतोस." ताईनं माझ्या तोंडासमोर पेपर धरला. पट्टी पुन्हा फरशीवर.